नमुना ‘जुळला’ म्हणजे नेमकं काय जुळलं?

एखाद्या मोठ्या गुन्ह्याची बातमी आठवून पाहा. पहिल्या दिवशी धक्का, दुसऱ्या दिवशी संशयित, आणि मग ते ठरलेलं वाक्य: ‘नमुने फॉरेन्सिक प्रयोगशाळेकडे पाठवण्यात आले असून अहवालाची प्रतीक्षा आहे.’ काही आठवड्यांनी एक शब्द येतो. जुळला. डीएनए जुळला, ठसा जुळला, गोळी जुळली. त्या शब्दासरशी आपल्या मनातला खटला निकालात निघतो.

पण ‘जुळला’ हा शब्द दिसतो तेवढा साधा नाही. कशाशी जुळला, किती जुळला, आणखी किती जणांशी जुळू शकला असता, आणि जुळवून पाहणारा माणूस किती वेळा चुकतो, असे चार प्रश्न त्याच्या पोटात दडलेले असतात. गेल्या चाळीसेक वर्षांतलं फॉरेन्सिक संशोधन म्हणजे बरंचसं या चार प्रश्नांचा पाठपुरावा आहे. त्यातून वर्षानुवर्षं न सापडलेले गुन्हेगार सापडले, आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात खितपत पडलेली माणसं बाहेर आली. ही दोन्ही एकाच कामाची फळं आहेत. ते कसं, हेच मला इथे सांगायचं आहे.

फॉरेन्सिकला मराठीत ‘न्यायसहायक विज्ञान’ असा शब्द आहे. मला तो मनापासून आवडतो. पोलिसांचं सहायक नाही, वकिलांचं नाही, न्यायाचं सहायक.

डीएनएने आधी एकाला सोडवलं

सप्टेंबर १९८४. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज हे शास्त्रज्ञ आनुवंशिकतेवर काम करत होते. गुन्हेगारीशी त्यांचा काही संबंध नव्हता. प्रयोगातली एक्स-रे फिल्म पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक माणसाच्या डीएनएची पट्टेरी नक्षी वेगळी दिसते, आणि त्या नक्षीतला प्रत्येक पट्टा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो.

त्याच परिसरातल्या दोन गावांमध्ये १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार होऊन त्यांचा खून झाला होता. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला पकडलं. त्याने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिलाही त्यानेच केला हे सिद्ध करायचं म्हणून पोलीस जेफ्रीज यांच्याकडे गेले. निकाल आला तो असा: दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नाही.

कबुली दिलेला मुलगा सुटला. डीएनएमुळे निर्दोष ठरलेला जगातला तो पहिला माणूस. मग पोलिसांनी आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे रक्ताचे नमुने गोळा केले. एकही जुळला नाही, कारण खऱ्या गुन्हेगाराने स्वतःच्या नावावर एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. पुढे तो सहकारी पबमध्ये बोलता बोलता हे बोलून गेला, ऐकणाऱ्यांपैकी एका बाईने पोलिसांना कळवलं, आणि १९८७ मध्ये कॉलिन पिचफोर्क पकडला गेला. त्याला शिक्षा झाली १९८८ च्या जानेवारीत.

ही गोष्ट सांगताना ‘डीएनएने खुनी पकडला’ असं म्हटलं जातं. खरं तर डीएनएने आधी चुकीचा माणूस सोडवला, मग सगळ्यांना शोध चालू ठेवायला भाग पाडलं, आणि धागा हाती लागला तो एका जागरूक माणसामुळे. प्रयोगशाळा आणि तपास यांचं नातं हे असं असतं.

तीन प्रश्न, चढत्या अवघडपणाचे

फ्रान्समध्ये लिऑं शहरात १९१० साली एडमंड लोकार्ड यांनी पोलिसांसाठी छोटी प्रयोगशाळा सुरू केली. दोन गोष्टी एकमेकांना लागल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतं, हा या शास्त्राचा पाया त्यांच्या नावाने ओळखला जातो. बुटाला माती लागते आणि मातीत बूट उमटतो. केस, धागा, रंगाचा कण, थुंकीचा थेंब, सगळं याच नियमाने मागे राहतं.

राहिलेल्या वस्तूला तीन प्रश्न विचारता येतात. हे काय आहे? हे कुणाचं आहे? आणि हे इथे कसं आलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर विज्ञान सगळ्यात खात्रीने देतं. दुसऱ्याचं देताना आकडेमोड लागते. तिसरं सगळ्यात कठीण, आणि आपण बातमी वाचताना नेमकं तेच गृहीत धरतो.

पहिल्या प्रश्नाची खात्रीसुद्धा आयती मिळालेली नाही. १८३२ मध्ये इंग्लंडात एका नातवावर आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाने कॉफीत विष असल्याचं दाखवणारा पिवळा साका तयार केला. पण ज्यूरीसमोर तो जाईपर्यंत खराब झाला होता, आणि नातू सुटला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. मार्शना ते लागून राहिलं. त्यांनी प्रयोग करत राहून १८३६ मध्ये नवी चाचणी जाहीर केली. तिच्यात आर्सेनिकचा काळा, आरशासारखा चकाकणारा थर काचेवर जमतो आणि टिकतो. न्यायालयात हरलेल्या एका खटल्यातून जन्मलेलं हे संशोधन. विष देऊन नामानिराळं राहणं त्यानंतर फार अवघड झालं.

तपासात कीटकांची मदत घेण्याची कहाणी तर आणखी जुनी आहे. चीनमधले न्यायाधिकारी सोंग त्सी यांच्या १२४७ च्या ग्रंथात एक प्रसंग आहे. गावात खून झाला, जखम विळ्याची वाटत होती. अधिकाऱ्याने सगळ्यांचे विळे जमिनीवर ठेवायला लावले. दिसायला सगळे स्वच्छ, पण माश्या एकाच विळ्यावर घोंगावू लागल्या. आज कीटकांचा हाच स्वभाव शास्त्रशुद्ध मोजला जातो. कुठली माशी किती वेळात अंडी घालते, किती तापमानाला अळी किती वाढते, यावरून मृत्यूची वेळ अंदाजता येते. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात १९८१ पासून दान केलेले मृतदेह उघड्यावर ठेवून त्यांच्यातले बदल नोंदवले जातात. ऐकायला विचित्र वाटेल, पण न्यायालयात ‘मृत्यू साधारण तीन आठवड्यांपूर्वीचा’ असं कुणी म्हणतं तेव्हा त्यामागे या नोंदी उभ्या असतात.

डीएनए जुळतो तो फोन नंबरासारखा

प्रयोगशाळा संपूर्ण डीएनए वाचत नाही. आपल्या डीएनएमध्ये काही ठरावीक जागी एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात आठ वेळा, कुणात अकरा वेळा. प्रत्येक जागी असे दोन आकडे मिळतात, एक आईकडचा आणि एक वडिलांकडचा. प्रयोगशाळा हे आकडे मोजते, बस्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए नोंदीत १९९८ पासून अशा १३ जागा मोजल्या जात, २०१७ पासून २० जागा मोजतात.

याची ताकद फोन नंबरावरून कळते. शेवटचा आकडा ७ असलेले नंबर दहात एक. शेवटचे दोन आकडे ७३ असलेले शंभरात एक. एकेक आकडा जुळणं म्हणजे काहीच नाही, पण सगळे जुळले तर तो नंबर दुसऱ्या कुणाचा असणं जवळजवळ अशक्य. (एकसारखी जुळी भावंडं हा अपवाद. त्यांचे हे आकडे सारखेच निघतात.)

सुरुवातीला या चाचणीला रक्ताचा चांगला मोठा डाग लागायचा. १९८३ मध्ये कॅरी मलिस यांनी डीएनएच्या तुकड्याच्या लाखो प्रती काढण्याची पद्धत शोधली, तिचं नाव पीसीआर. कोविडच्या काळात हा शब्द घराघरात पोचला. या पद्धतीने डाग लहान होत गेला, आणि १९९७ पर्यंत हे दिसून आलं, की नुसत्या हाताळलेल्या वस्तूवरूनही डीएनए मिळू शकतो.

इथेच गुंताही सुरू झाला.

एकाच कागदावर चार नंबर लिहिले तर?

दाराच्या मुठीला, पिशवीच्या बंदाला, पिस्तुलाच्या दस्त्याला अनेकांचे हात लागतात. तिथे मिळणारा डीएनए मिश्र असतो. चार जणांचे फोन नंबर एकाच जागी एकावर एक लिहा आणि मग त्या गिचमिडीत तुमचा नंबर आहे का ते शोधा. थोडं मन लावलं तर तिथे जवळपास कुणाचाही नंबर दिसायला लागतो.

हे प्रत्यक्ष तपासलं गेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने २०१३ मध्ये १०८ प्रयोगशाळांना मुद्दाम बनवलेल्या मिश्रणांची माहिती पाठवली. त्यातल्या एका अवघड मिश्रणाबरोबर अशा एका माणसाची माहितीही दिली होती, ज्याचा डीएनए त्यात नव्हताच. १०८ पैकी ७४ प्रयोगशाळांनी म्हटलं की तो त्यात असू शकतो. त्या संस्थेने हा निकाल दडवून न ठेवता प्रसिद्ध केला, याचं मला फार मोल वाटतं. तेव्हापासून मिश्रणांचं गणित सुधारण्यावर पुष्कळ काम झालं आहे. अनेक ठिकाणी आता नुसत्या नजरेने ठरवण्याऐवजी शक्यता मोजणारी संगणकप्रणाली वापरतात.

दुसरा गुंता दूषित नमुन्यांचा. जर्मनीत हाइलब्रोन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. गाडीवर मिळालेला डीएनए एका अनोळखी स्त्रीचा होता, आणि तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडत होता. खून, घरफोड्या, काहीही. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले गुन्हे आणि बाई एकच. तपास दोन वर्षं तिच्या मागे धावला. २००९ मध्ये उलगडा झाला, की नमुने घ्यायचे कापसाचे स्वॅब जिथे बनत आणि पॅक होत, तिथल्या कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. ती गुन्हेगार बाई कधी नव्हतीच.

स्वॅब निर्जंतुक केलेले होते. पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए नष्ट होतो असं नाही. या फरकाकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. २०१६ मध्ये फॉरेन्सिक कामाच्या साहित्यासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यात डीएनएपासून मुक्त असण्याची अट आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करते. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात खून झालेल्या एका माणसाच्या नखांवर दुसऱ्या एका माणसाचा डीएनए मिळाला. चाचणी बरोबर होती, डीएनए त्याचाच होता. तो काही महिने कोठडीत राहिला. त्याच्या बाजूने नोंदी तपासल्यावर कळलं, की खुनाच्या वेळी तो दारूच्या अमलाखाली बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होता. ज्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी त्याला उचललं होतं, तेच काही तासांनी खुनाच्या जागी पोचले होते. बहुधा त्यांच्याबरोबर त्याचा डीएनएही पोचला.

‘कुणाचं’ याचं उत्तर अचूक होतं. ‘कसं आलं’ हे कुणी विचारलंच नव्हतं.

बोटांचे ठसे तरी चुकत नसतील?

ठसे वर्गवारीने लावून ठेवायची पद्धत कलकत्त्यात आकाराला आली. १८९७ मध्ये तिथे ठशांचं कार्यालय सुरू झालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाचं गणित बसवलं, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं. १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डने ती पद्धत स्वीकारली. पुढची जवळजवळ शंभर वर्षं ‘ठसा कधी खोटं बोलत नाही’ हे वाक्य कुणी तपासून पाहिलं नाही.

ठसा खोटं बोलत नाही हे मान्य. पण घटनास्थळी मिळणारा ठसा अर्धवट असतो, फासलेला असतो, कधी दुसऱ्या ठशावर चढलेला असतो. तो वाचतो माणूस.

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, १९० हून अधिक माणसं मेली. स्फोटकांच्या पिशवीवरचा एक ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ऑरेगनमधल्या एका वकिलाशी जुळवला. एका तज्ज्ञाने जुळवला, आणखी दोघांनी दुजोरा दिला, न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही होकार भरला. वकिलाला दोन आठवडे डांबून ठेवलं. स्पेनच्या पोलिसांना मात्र हा ठसा त्याचा वाटत नव्हता, आणि पुढे त्यांनी तो एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. एफबीआयने माफी मागितली.

चार तज्ज्ञ एकाच खड्ड्यात कसे पडले? इटिएल ड्रोर या संशोधकाने यावर एक प्रयोग केला. पाच अनुभवी तज्ज्ञांना ठशांची एकेक जोडी दाखवून सांगितलं, ‘ही माद्रिदची ती गाजलेली चूक आहे, तुमचं मत द्या.’ प्रत्यक्षात ती जोडी त्याच तज्ज्ञाने काही वर्षांपूर्वी स्वतः ‘जुळते’ म्हणून निकाली काढलेली होती. पाचपैकी चौघांनी आपलंच मत बदललं. ठसे तेच, डोळे तेच, बदलली होती फक्त सोबत सांगितलेली गोष्ट. परिचयाच्या माणसाची वाट पाहत उभे असलो की लांबून येणारा कुणीही आपल्याला तोच वाटू लागतो. यात लबाडी नाही, मेंदूची घडणच तशी आहे.

मग २०११ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६९ तज्ज्ञांना असे ठसे दिले, ज्यांचं खरं उत्तर संशोधकांना माहीत होतं. वेगवेगळ्या माणसांचे ठसे ‘एकच’ ठरवण्याची चूक साधारण हजारात एकदा झाली. एकाच माणसाचे ठसे ‘वेगळे’ ठरवण्याची चूक मात्र शंभरात सात-आठ वेळा. म्हणजे ठशांचं शास्त्र चांगलंच भरवशाचं निघालं. पण ते भरवशाचं आहे हे आपल्याला आत्ता कळलं, शंभर वर्षांनी, परीक्षेला बसवल्यावर.

आगीच्या खुणा कुणी वाचल्या

काही विद्या परीक्षेत नापास झाल्या. त्यातली सगळ्यात क्लेशदायक कहाणी आगीच्या तपासाची आहे.

जळालेल्या घरात खिडकीच्या काचेवर बारीक तड्यांचं जाळं दिसलं, तर पेट्रोलसारखं काहीतरी ओतून आग लावली, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं जायचं. जमिनीवर थारोळ्याच्या आकाराचे खोल जळके डाग दिसले, तरी तेच. हे ज्ञान अनुभवातून आलेलं होतं, मुरलेल्या माणसांनी नव्यांना दिलेलं होतं. कुणी प्रयोग केलेला नव्हता.

१९९० मध्ये फ्लोरिडात घराला लागलेल्या आगीत सहा जणांचा मृत्यू झाला आणि घरातल्या पुरुषावर आग लावल्याचा आरोप आला. सरकारी पक्षाने नेमलेल्या तज्ज्ञांनी एक विलक्षण गोष्ट केली. जवळच तशाच बांधणीचं एक रिकामं घर होतं, ते त्यांनी तसंच सजवलं आणि सोफ्याला आग लावली. पेट्रोलचा थेंबही न वापरता. त्यांना वाटत होतं आरोपीचं म्हणणं खोटं ठरेल. पाच मिनिटांच्या आत खोलीचा भडका उडाला आणि जमिनीवर उमटले तेच डाग, जे ओतलेल्या इंधनाचे समजले जात होते. आरोप मागे घेतला गेला.

कारण असं. बंद खोलीत गरम धूर छताखाली साठतो. त्याचा थर इतका तापतो की त्याच्या धगीने खालच्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात. यानंतर खोलीभर आग सारखीच थैमान घालते आणि कुठे सुरू झाली याच्या खुणा पुसल्या जातात. काचेवरच्या तड्यांचंही तसंच झालं. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की तडे जातात. म्हणजे ती खूण अग्निशमन दलाच्या पाण्याचीही असू शकते.

२००५ मध्ये अमेरिकेत एका प्रशिक्षणात अशी खोली पेटवून ५३ तपासकांना विचारलं, आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली? फक्त तिघांनी बरोबर सांगितलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेरा-चौदा जण बरोबर आले असते.

टेक्ससमध्ये १९९१ च्या अशाच एका आगीत तीन लहान मुली गेल्या. जुन्याच खुणा वाचून त्यांच्या बापाला दोषी ठरवलं आणि २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. पुढे टेक्ससच्या फॉरेन्सिक आयोगानेच नेमलेल्या अग्नितज्ज्ञाने २००९ मध्ये लिहिलं, की आग मुद्दाम लावली या निष्कर्षाला वैज्ञानिक आधार नव्हता. हे लिहितानासुद्धा माझा हात जड होतो.

नापास झालेल्या बाकीच्या विद्यांचं थोडक्यात. केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘आरोपीचाच’ असं सांगण्याच्या साक्षी एफबीआयने तपासल्या. २०१५ मध्ये जाहीर झालं, की आरोपीविरुद्ध साक्ष झालेल्या २६८ खटल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक खटल्यांत ती साक्ष चुकीची किंवा फुगवलेली होती. गोळीतल्या शिशाच्या घटकांवरून ती कुठल्या खोक्यातली हे सांगण्याची पद्धत २००५ मध्ये बंद झाली. दातांच्या व्रणावरून ॲरिझोनात रे क्रोन याला १९९२ मध्ये मृत्युदंड सुनावला होता. तो २००२ मध्ये डीएनएमुळे सुटला. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं, की पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएची चाचणी सोडली, तर पुरावा एका ठरावीक माणसाशी खात्रीने जोडता येतो हे इतर कुठल्याच पद्धतीने काटेकोरपणे सिद्ध केलेलं नाही.

‘लाखात एक’ हा आकडा कसा वाचायचा

गाय असेल तर चार पाय असतात. चार पाय दिसले म्हणून ती गायच, असं आपण म्हणत नाही. न्यायालयात मात्र ही चूक सहज होते, कारण ती आकड्यांच्या वेशात येते.

समजा, घटनास्थळी मिळालेली खूण लाखात एका माणसात आढळते आणि ती आरोपीशी जुळली. लगेच वाटतं, तो निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक. पण एक कोटी वस्तीच्या शहरात ती खूण शंभर जणांत असेल. दुसरा कुठलाही पुरावा नसेल, तर आरोपी त्या शंभरातला एक. दुसरे पुरावे असतील तर चित्र पालटतं, आणि म्हणूनच हा आकडा एकटा उभा करायचा नसतो.

इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईला तिच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. एका नामांकित डॉक्टरांनी साक्ष दिली, की तिच्यासारख्या घरात तान्ह्या मुलाचा झोपेतला अकस्मात मृत्यू दोनदा होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. असा एक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरून त्यांनी त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं होतं. पण सख्ख्या भावंडांची आनुवंशिकता एक, घर एक. नाण्याच्या दोन फेकांसारखे हे मृत्यू एकमेकांपासून सुटे धरता येत नाहीत. शिवाय आईने दोन मुलांचा खून करणं हेही अतिशय दुर्मीळच. तुलना करायची ती या दोन दुर्मीळ शक्यतांची. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००१ मध्ये जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये, वैद्यकीय तपासणीचे काही निकाल बचाव पक्षाला दिलेच नव्हते हेही उघड झाल्यावर, ती सुटली. चार वर्षांनी ती वारली.

या धड्यातून तज्ज्ञाने साक्ष कशी मांडावी यावर संशोधन झालं. ‘हा आरोपीच’ असं तज्ज्ञाने म्हणायचं नाही. त्याने इतकंच सांगायचं, की आरोपीने मागे ठेवला असेल तर असा पुरावा दिसण्याची शक्यता इतकी, दुसऱ्या कुणी ठेवला असेल तर इतकी. निकाल देणं न्यायालयाचं काम.

पण अशाने गुन्हेगार सुटणार नाहीत का?

हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्यात पीडितांची वेदना असते, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. घटनास्थळाचा डीएनए रे क्रोनशी जुळला नाही तेव्हा तो दुसऱ्या एका माणसाशी जुळला. माद्रिदचा ठसा वकिलाचा नव्हता तेव्हा तो कुणाचा होता हे सापडलं. लेस्टरच्या मुलाला शिक्षा झाली असती, तर पिचफोर्क मोकळा राहिला असता. चुकीचा माणूस आत गेला की तपास थांबतो, आणि खऱ्या गुन्हेगाराला याहून मोठं संरक्षण नाही.

संशोधनाने पकडण्याची ताकदही वाढते. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत खून आणि बलात्कार करणारा माणूस चाळीसेक वर्षं सापडला नव्हता. त्याचा डीएनए पोलिसांकडे होता, पण गुन्हेगारांच्या नोंदीत तो कुणाशीच जुळत नव्हता. वंशावळ शोधण्यासाठी लोक स्वतःहून जिथे आपला डीएनए नोंदवतात, तिथे त्याच्या लांबच्या नातेवाइकांचा माग लागला. घराण्याची शाखा न शाखा पडताळत तपास एका निवृत्त माणसापर्यंत पोचला, जो एके काळी पोलीस होता. २०१८ मध्ये अटक झाली, २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले. आपण नोंदवलेल्या डीएनएमुळे लांबच्या भावंडांवर नजर जाते, त्यांची संमती कुणी घेतली, हा प्रश्न यात खरा आहे. त्यासाठी कायद्याची चौकट हवी, असं माझं ठाम मत आहे.

अहवाल इतका उशिरा का येतो?

नमुन्यांची रांग हे एक कारण. दुसरं कारण कामातच आहे. नमुन्याबरोबर एक रिकामा नमुनाही त्याच प्रक्रियेतून न्यावा लागतो, त्यात काही दिसलं तर कुठेतरी बाहेरचं मिसळलं आहे. मग दुसरा तज्ज्ञ सगळं पुन्हा तपासतो.

घाईचं मोल अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने भरलं. तिथल्या अमली पदार्थांच्या प्रयोगशाळेत एक रसायनतज्ज्ञ सहकाऱ्यांच्या कितीतरी पट नमुने उरकत असे आणि तिचं कौतुक होत असे. २०१२ मध्ये कळलं, की बरेचसे नमुने तिने तपासलेच नव्हते, नुसते पाहून ठरवले होते. २०१७ मध्ये २१,००० हून अधिक प्रकरणं रद्द करावी लागली.

आता काही ठिकाणी चांगल्या रीती रुजत आहेत. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत २०१५ पासून खऱ्या नमुन्यांत बनावट नमुने गुपचूप मिसळतात. तज्ज्ञाला कळत नाही आपली परीक्षा कधी चालू आहे. ड्रोर यांच्या कामातून दुसरी रीत आली: तज्ज्ञाने आधी घटनास्थळाचा ठसा पाहून त्यातली वैशिष्ट्यं लिहून ठेवायची, आणि मगच संशयिताचा ठसा उघडायचा. कबुली दिली आहे का, साक्षीदार काय म्हणतो, हे त्याला कळूच द्यायचं नाही. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पाकिटं कोणत्या क्रमाने उघडायची एवढाच बदल.

आणि एक काम असं, ज्याला संशोधन म्हणावं की नाही मला ठाऊक नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या प्रयोगशाळेत १९७० आणि ८० च्या दशकांत रक्तगट तपासणाऱ्या एक विश्लेषक होत्या. तपासणी झाली की स्वॅबचा उरलेला तुकडा त्या फाइलमधल्या कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवत. डीएनए चाचणी तेव्हा जगात नव्हती. १९८२ मध्ये बलात्कारासाठी शिक्षा झालेला एक माणूस पुढे डीएनए चाचणी मागत राहिला, आणि त्याला उत्तर मिळालं, की मुद्देमाल नष्ट झाला. दुसऱ्या एकाने १९८८ मध्येच तो गुन्हा कबूल केला होता, पण न्यायाधीशांनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. २००१ मध्ये कुणीतरी ती जुनी फाइल उघडली. चिकटपट्टी पिवळी पडली असेल, पण कापूस तसाच होता. तो त्या माणसाशी जुळला नाही. कबुली देणाऱ्याशी जुळला. मग राज्याने तशा हजारो फाइली खाली काढल्या, आणि त्यांतून आणखी निर्दोष माणसं निघाली.